तू गप्प केलेला लाल दिवा

संजू, काल सकाळी तुझ्या मोटरसायकलची किल्ली फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला, पेट्रोलचा काटा वर आला, पण ऑइलचा लाल दिवा काही लागला नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गाडी तरी ठणठणीत ठेवून गेला. तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "आई, नाही लागला म्हणजेच लोचा आहे." आणि तिथून जो गोंधळ सुरू झाला तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो तुझ्याशीच बोलून निस्तरायला हवा, कारण तो करून ठेवलायस तूच.

तुझं तेरावं झाल्यानंतरचा कालचा पहिलाच रविवार. पाहुणे गेले, सतरंज्या गेल्या, शेजाऱ्यांचे डबे घासून परत गेले. एवढ्याशा घरात एकदम जागाच जागा झाली. मुक्ताने चहा पिता पिता गाडीची किल्ली मागितली. म्हणाली, "बाबाची गाडी मी चालवीन. बोरिवलीला ऑफिसला घेऊन जाईन." तिला शिकवलीस तूच, आरेच्या रस्त्यावर, मला पत्ता लागू न देता. बापलेक दोघं हातात भाजीची पिशवी घेऊन घरी यायचात आणि मी वेडी विचारायचे, भाजीला एवढा वेळ? मी तिला हो म्हणणारच होते. पण त्याआधी मला तो दिवा बघायचा होता.

त्या दिव्यावरून आपण जितके भांडलो, तितके तुझ्या बहिणीच्या लग्नावरूनही भांडलो नाही. मागच्या सीटवर बसल्यावर तुझ्या डाव्या खांद्यावरून मला दोनच गोष्टी दिसायच्या, तुझ्या कानामागचा तीळ आणि तो दिवा. गेल्या पावसाळ्यानंतर तो चालत्या गाडीत लागायला लागला. लागला की मी तुझ्या खांद्यावर टकटक करायचे. तू डावा हात मागे आणून माझ्या गुडघ्यावर थोपटायचास आणि म्हणायचास, "काही नाही गं, वायर आहे." मी म्हणायचे, ऑइल संपलं असेल, इंजिन बसेल, थांबव. तू म्हणायचास, "माय लॉर्ड, दिवा खोटं बोलतोय." मी इतकी वर्षं दिंडोशीच्या कोर्टात माणसांच्या साक्षी टाइप करते. खोटं बोलणारी माणसं मी रोज ऐकते. पण खोटं बोलणारा दिवा कोणी बघितलाय? लाल दिव्याला बिचाऱ्याला काय मिळणार खोटं बोलून?

एकदा आरेतून येताना मी खरंच गाडी थांबवायला लावली, आठवतं? तू उतरलास, वाकून कुठेतरी बघितलंस, हात पँटला पुसलेस आणि तेच म्हणालास. माझं डोकं सटकलं. मी सरळ रिक्षाला हात केला. मग घरापर्यंत तू रिक्षाच्या बाजूबाजूने गाडी चालवत होतास, काच वर करून हेल्मेटमधून तोंडं करत होतास, सिग्नलला आत डोकावून "मॅडम, कुठं निघालात?" विचारत होतास. रिक्षावाला शेवटी वैतागून म्हणाला, "मॅडम, ये आदमी आपको जानता है क्या?" मी म्हणाले, "नहीं." तू इतका हसलास की पुढच्या सिग्नलला गाडी बंद पडली. हे मी तेराव्याला तुझ्या बहिणीला सांगायला घेतलं आणि त्या "नहीं"पाशी आल्यावर मला पुढे बोलताच येईना.

मग दिवाळीच्या आसपास दिवा लागायचा थांबला. मी विचारलं, केलास का नीट? तू म्हणालास, "झालं काम." मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर मी मागे बसून फक्त तीळ बघत यायचे.

तर काल मुक्ता मोबाइलमध्ये बघून मला समजावत होती. किल्ली फिरवली आणि इंजिन अजून सुरू नसलं, की हा दिवा लागायलाच हवा. इंजिन सुरू झालं, आत ऑइलचा दाब तयार झाला, की विझायला हवा. म्हणजे सुरुवातीला लागला तर सगळं ठीक. नाही लागला तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीय, आणि मग ऑइल संपलं तरी तुम्हाला कळणार नाही. मी तिला तीनदा सांगायला लावलं. मला हे उलटंच वाटत होतं. इतके महिने मी न लागणारा दिवा बघून निर्धास्त बसत होते आणि ही म्हणते तोच बिघाड.

आम्ही विलासला बोलावलं. मरोळच्या वर्कशॉपमध्ये तुझ्या शेजारच्या मशीनवर आयुष्य काढलेला तुझा विलास. तू गेल्यापासून तो घरी आला की नुसता पंख्याकडे बघत बसतो. काल काम मिळालं तर माणसात आला. पार्किंगमध्ये उकिडवा बसला, इंजिनाच्या बाजूला बॅटरीचा उजेड मारला आणि म्हणाला, "वहिनी, ही बघा वायर. सुटलेली नाय. सोडवलेली आहे."

मी वाकून बघितलं. दिव्याकडून येणारी वायर इंजिनावरच्या एका बारक्या स्विचला लावलेली असते. ती तिथून काढलेली होती, टोकाला काळी टेप गुंडाळून नीट बाजूला बांधून ठेवली होती. आणि टेपचं शेवटचं टोक दुमडलेलं होतं.

आता हे मी कोणाला समजावून सांगू? टेपचं टोक दुमडून ठेवणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता. पुढच्या वेळी नखाने खरवडत बसायला नको म्हणून. आपल्या घरातल्या सेलोटेपला, मसाल्याच्या पाकिटांना, मुक्ताच्या वह्यांच्या कव्हरांनाही तू ते शेपूट ठेवायचास. ती वायर कोणी काढली हे विचारायची गरजच उरली नाही. तुझी सहीच होती ती.

मला राग आला, संजू. गेलेल्या माणसावर इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. तू काही नीट केलंच नव्हतंस. मला दिसू नये म्हणून दिवा गप्प केला होतास. आणि मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या नको तिथे जाऊन पोचले. लिफ्ट बंद होती तेव्हा तू दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर बसलास, ते दिसलं. कोणाच्या तरी कुंडीतला मोगरा बघतोय असं दाखवत होतास. मी विचारलं, काय होतंय? तू म्हणालास, "काही नाही गं, ॲसिडिटी आहे." तोच आवाज, तीच चाल. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर म्हणालास, "जाऊ ना." आणि बाजूच्या पायरीवर थोपटून मला बसायला सांगितलंस. मग आपण दोघं मोगरा बघत बसलो.

मला ते दोन "काही नाही" एकसारखे ऐकू यायला लागले. वायरचं खोटं असेल तर ज्या छातीने तुला नेलं तिचंही खोटं. तू मला दोन्हीकडे फसवलंस. विलासला मी तसं बोललेही. तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, एक मिनिट. अजून काय ठरलेलं नाय."

त्याने वायर परत स्विचला लावली. किल्ली फिरवली, दिवा लागला. मुक्ता म्हणाली, "बरोबर." इंजिन सुरू केलं. दिवा विझायला हवा होता. विझला नाही, लालच्या लाल. विलास म्हणाला, "आता दोनच गोष्टी. एक तर आत खरंच ऑइलचा दाब नाय. नायतर स्विच मेलाय आणि दिवा उगाच बोंबलतोय." म्हणजे तुझं आणि माझं भांडण, जसंच्या तसं, तू नसताना परत उभं राहिलं. मी म्हणाले, इंजिन बंद कर आधी.

ऑइल बघायचं तर गाडी सपाट जागी डबल स्टँडवर हवी. आपलं पार्किंग कसं ते तुला माहीतच आहे, पाणी ओतलं तर थेट गेटबाहेर जातं. आम्ही तिघांनी गाडी ढकलत बाहेर नेली. गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्याला एक सपाट तुकडा आहे, इस्त्रीवाल्याच्या समोर, तिथे लावली. इस्त्रीवाला बाहेर आला, गाडी बघितली, मला बघितलं आणि आत जाऊन पाणी घेऊन आला. इंजिनाच्या पोटाशी छोटी काच आहे ना, विलासने मला त्यातून बघायला लावलं. ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. आणि रंग मधासारखा. मी विचारलं, हे चांगलं की वाईट? तो म्हणाला, "नवीन आहे. जुनं काळं असतं. संजाने हल्लीच बदललंय."

म्हणजे तू दिवा गप्प केलास आणि ऑइलही बदललंस. ह्याचा काय अर्थ लावायचा? ज्याला पर्वा नसते तो ऑइल बदलत नाही. ज्याला पर्वा असते तो वायर काढत नाही. तू दोन्ही केलंस. कोर्टात असा साक्षीदार आला असता तर दोन्ही वकिलांनी कपाळाला हात लावला असता.

विलास मरोळला जाऊन दाब मोजायचं गेज घेऊन आला. रविवार असून वॉचमनकडून कुलूप उघडून घेतलं. तुझ्यासाठी म्हटल्यावर तो वॉचमनही खाली बसून रडला म्हणे. विलासने तो स्विच काढला आणि हातात धरून एकदम थांबला. "वहिनी, ह्याच्यावर काय ओतायचा हा?" स्विचच्या डोक्यावर हिरवट पांढरी खरपुडी होती आणि तिच्या कडेला चक्क गुलाबी. मी नखाने टोकरलं. कुंकू होतं.

मला एकदम दसरा आठवला. देवळात गेलो की चपला सांभाळत बाहेर उभा राहणारा तू, पण दसऱ्याला गाडीची पूजा तुला साग्रसंगीत लागायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, पार्किंगच्या पायरीवर फोडलेला नारळ. त्याचं अर्धं पाणी पेल्यात मला आणि उरलेलं सगळं इंजिनावर, "घे गं, तूपण पी" म्हणत. ते बरोबर त्या स्विचवर जायचं दर वर्षी, वर कुंकवाचं बोट. मी विलासला सांगितलं. तो आधी हसला. "वर्कशॉपमध्ये पण लेथवर ओतायचा भडवा, सुपरवायझर बोंबलायचा..." एवढं म्हणाला आणि मग तिथेच रस्त्यावर, स्विच मुठीत धरून, लहान पोरासारखा रडायला लागला. मुक्ता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी तेरा दिवसांत कोणासमोर रडले नव्हते, काल इस्त्रीवाल्यासमोर रडले.

नारळाच्या पाण्यानेच स्विच गेला असं विलास ठामपणे म्हणत नाही. आतून पण गेला असेल म्हणतो. पण गेज लावून इंजिन सुरू केल्यावर काटा टुणकन वर गेला आणि तिथेच राहिला. दाब भरपूर होता. गाडीला काहीच झालं नव्हतं. तू बरोबर होतास. दिवा खोटं बोलत होता, आणि तू मला सांगून सांगून शेवटी त्यालाच गप्प केलंस, कारण मी ऐकत नव्हते.

हे कळल्यावर मी मोकळी व्हायला हवी होते ना? मी जास्तच अडकले. आता तो लँडिंगवरचा "काही नाही" घेऊन मी कुठे जाऊ? ह्या गाडीच्या "काही नाही"मागे तू वाकून बघितलं होतंस, ऑइल बदललं होतंस, विचार केला होतास. मग त्या दुसऱ्याच्या मागेही काही बघितलं होतंस का? कोणाला दाखवलं होतंस? की तिथे नुसतीच वायर काढून टेप लावली होतीस? विलासला विचारलं. तो म्हणाला, "हल्ली जिना चढायचा नाय. मालाच्या लिफ्टने यायचा. गुडघे म्हणायचा. मी पण बोललो दाखव म्हणून. मला पण काय नाय म्हणाला." गुडघे! माझ्याकडे ॲसिडिटी, त्याच्याकडे गुडघे. तू प्रत्येकाला वेगळी साक्ष दिलीस, संजू. एखादी तरी खरी होती का रे?

आणि एवढ्यावर भागलं नाही. विलास हत्यारं शोधायला सीट उघडतो तर पिशवीत नवा कोरा स्विच. पाकीट एकदा फोडून परत टेपने बंद केलेलं, टोक दुमडून. म्हणजे आणलाही होतास. लावायचा राहिला होता. का राहिला, ते विलासलाही सांगता येईना. वॉशर मिळाला नसेल म्हणाला, विसरला असेल म्हणाला, पुढच्या रविवारी बघू म्हणाला असेल. मुक्ता म्हणाली, "बाबा असाच होता गं. सगळं करायचा, शेवटचं एक ठेवायचा." खरं आहे. बाथरूमचा हुक भिंतीला भोक पाडून तसाच आहे. मी काल घरी येऊन त्या भोकाकडे बराच वेळ बघत उभी होते.

मला तुझा राग आहे आणि मला तुझे आभारही मानायचे आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला येत नाही. मी घाबरू नये म्हणून तू जे जे केलंस, त्यात किती मेहनत होती ते मला काल दिसलं. ती टेप किती नीट गुंडाळली होतीस. इतक्या प्रेमाने मला कोणी अंधारात ठेवलं नसेल. पण अंधारातच ठेवलंस ना? मी रोज खून, मारामाऱ्या टाइप करून घरी येते. मला काय एवढा एक दिवा झेपला नसता?

विलास म्हणतो, "वहिनी, गाडी गाडी असते. तिच्यातून संजाचं काय शोधताय?" बरोबरच बोलतो. तुझ्या छातीला गेज लावून बघायची वेळ गेली. जी गोष्ट मला कळायला हवी ती कुठल्याच इंजिनात नाही. तरी मी गाडीभोवती फिरत होते.

नवा स्विच विलासने लावला. वायर जोडली, तुझी टेप मी मागून घेतली. मुक्ताने सीटवर बसून किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन सुरू केलं, विझला. तिने दोनतीनदा करून बघितलं, लागला, विझला. विलास म्हणाला, "घेऊन जा बिनधास्त." मुक्ता म्हणाली, "आई, बस ना. एक चक्कर मारू."

मी मागे बसले. ती तुझ्याएवढी रुंद नाही, त्यामुळे खांद्यावरून सगळंच दिसतं. नाक्यावर सिग्नलला तिने क्लच जरा लवकर सोडला आणि गाडी बंद पडली. बंद पडल्याबरोबर दिवा लागला, लागणारच होता, आता तर मला पाठ झालंय. पण माझा हात ऐकेना. तो आपोआप उठला आणि तिच्या खांद्यावर टकटक करून बसला.

मग मी वाट बघत राहिले. मला माहीत होतं आता ती काय म्हणणार. तुझीच मुलगी. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. तिने अर्धी मान वळवली आणि म्हणाली, "हो आई, दिसतोय मला."

संजू, एवढंच म्हणायचं होतंस रे.